अक्कांचा फसलेला पाठ

"छान झालं म्हंता? मग इथं कशाला आलाव? घरी जाऊन निवांत झोपा की."

अक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. मी नोकरीत अगदी नवा होतो. जनवाड्याहून बस बदलत बदलत शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीला पोचलो होतो आणि माझी पाळी आल्यावर, माझा पाठ कसा छान झाला, मुलं कशी रंगून गेली, हे पाठ करून आणलेलं सांगायला लागलो होतो. समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या एका बाईनं मला मधेच थांबवलं. काठाची सुती साडी, पायांत पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर मोठ्या तबकडीचं घड्याळ. बाकीचे शिक्षक गालात हसत होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"रागवू नको, तम्मा," त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. "छान झालेलं सगळ्यांचं सारखंच असतंय. फसलेलं सांग. त्यातनं आमाला कायतर मिळंल."

फसलेलं माझ्याकडे पोतंभर होतं. पण ते चारचौघांत सांगायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग अक्कांनी मोठा डबा उघडला, चुरमुऱ्यांचा सुसला कागदावर सगळ्यांना वाढला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "तुला अर्धाच. पुढच्या बारीला खरं बोललास की पुरा."

आमच्या बिदरकडच्या कन्नड मुलखात मराठी शाळा थोड्या, आणि त्या एकमेकींपासून लांब. कुठं दोन शिक्षक, कुठं एकच. वर्गात काही अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की आसपासच्या शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमायचे. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं, हा त्यामागचा हेतू. पुष्कळ ठिकाणी सही करायची, चहा घ्यायचा आणि बस गाठायची, एवढ्यावर ते भागतं. आमच्याकडे भागत नव्हतं, कारण आमच्यात अक्का होत्या.

त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात असणारच, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. माहेर करजगीकडचं, सासर बिदरकडचं. घरात कन्नड, शाळेत मराठी, शेजारीपाजारी दखनी उर्दू. तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात एकाच वेळी असायच्या, पण गोंधळ नसायचा. राग आला की कन्नड, माया आली की दखनी आणि काही समजावून सांगायचं असलं की मराठी. त्यामुळं अक्का कुठल्या भाषेत सुरू झाल्या यावरून पुढं काय वाढून ठेवलंय ते आम्हाला आधीच कळायचं.

त्यांच्या वर्गातल्या फळ्यावरचा सुविचार हा तर आमच्याकडे थट्टेचाच विषय होता. एवढ्या वर्षांची शिक्षिका, आणि अक्षर असं की उंदीर शाईत बुडवून सोडलाय. मी एकदा न राहवून विचारलं. तेव्हा कळलं की रोजचा सुविचार त्या डाव्या हातानं लिहितात. मुद्दाम.

"कामून?" मी विचारलं.

"पहिलीच्या लेकराचं बोट कसं दुखतंय ते आपण इसरतो बग. चार ओळी लिहिल्या की माजा हात भरून येतोय. मग मी दिवसभर कुणाला 'लवकर लिही' म्हणून ओरडत न्हाई."

मुलं त्या सुविचारातल्या चुका काढायची. 'अक्का, तुमचा ज्ञ उलटा झालाय.' अक्का जीभ दातात धरून ज्ञ पुसायच्या आणि पुन्हा काढायच्या. मुलं समाधानानं माना डोलवायची.

दुसरी खोड याहून अवघड होती. दुसऱ्याच्या वर्गात गेल्या की त्या खुर्चीवर बसायच्या नाहीत. मुलांमध्ये, शेवटच्या ओळीत खाली बसायच्या, पाटी मागून घ्यायच्या आणि तास संपेपर्यंत विद्यार्थी होऊन राहायच्या. बोट वर करून परवानगी मागायच्या. माझ्या वर्गात त्या अशाच एका सकाळी आल्या. मी हातच्याची वजाबाकी शिकवत होतो. बावन्नातून सतरा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून हातचा एक घेतला. मी दोनदा सांगितलं, मुलांनी माना हलवल्या. शेवटच्या ओळीतून बोट वर आलं.

"सर, हातचा म्हंता, तर कुणाच्या हातचा?"

वर्ग खदखदून हसला. मी कसनुसा हसलो आणि पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा बोट वर.

"आणि सर, घेतला एक, आणि दोनाचे झाले बारा. एकाचे दहा कवा झाले?"

आता कुणी हसलं नाही. पुढच्या ओळीतली एक मुलगी वळून अक्कांकडं बघत हळूच म्हणाली, "मला बी त्येच कळंना झालंय." मग दुसरं कुणी म्हणालं. पाहता पाहता निम्म्या वर्गाला कळंना झालं. मला अक्कांचा असा राग आला की सांगता सोय नाही. मधल्या सुट्टीत मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्यांनीच माझ्यासमोर भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी सोडली आणि म्हणाल्या, "मला बी येईना हे शिकवायला. खरं सांगायलेय. एवढी वर्षं झाली, माजी पोरं पाठ करतेत आन् उत्तर काढतेत. कळत कुणालाच न्हाई. शनिवारी मांडू या का?"

त्या शनिवारी मी पहिल्यांदा माझं फसलेलं सांगितलं. पुरा सुसला मिळाला. पण खरं मिळालं ते शोभाकडून. शोभा आमच्यातली सगळ्यांत अबोल. तिचे वडील गावातल्या बुद्धविहाराची देखभाल करायचे आणि दुसऱ्यांच्या रानात कामाला जायचे. घरातली पहिली नोकरी तिची. ती खाली मान घालून म्हणाली, "माज्या वर्गात मी हातचा म्हणतच न्हाई. पेंडी म्हणते. कडब्याची पेंडी पोरांनी बगितलेली असती ना. दहा-दहा काड्यांच्या पेंड्या बांधल्या. सुट्ट्या काड्या कमी पडल्या की एक पेंडी सोडायची."

औरादकडचे प्रकाश सर मोठ्यांदा म्हणाले, "आयला! पेंडी सोडायची!" आणि अक्का दखनीत सुरू झाल्या. "क्या बात बोली गे माँ! इत्ते दिन कां छुपाको रखी थी?" शोभा लाजून लाल झाली. सोमवारी माझ्या वर्गात खराट्याच्या काड्यांच्या पेंड्या होत्या, आणि ती पुढच्या ओळीतली मुलगी पेंडी सोडून सुट्ट्या काड्या शेजारणीला दाखवत होती. माझ्या शिकवण्याला त्या दिवशी सुरुवात झाली असं मी समजतो.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण फसलेलं सांगायला जागा असावी लागते, आणि ती जागा एका बैठकीनंतर गेली.

त्या बैठकीत शोभानं एक अवघड गोष्ट सांगितली. तिच्या पाचवीच्या वर्गात बरीच मुलं वाचू शकत नव्हती. धडे त्यांना तोंडपाठ होते. पुस्तक उघडून, ओळीवर बोट फिरवत ती घडाघडा म्हणायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, वाचताहेत. "मला म्हाईत होतं," शोभा म्हणाली. "पण तपासणीला कोण आलं की मी त्येच धडे काढायला लावायचे. मला आता लेकरांच्या तोंडाकडं बगवंना झालंय." बोलताना तिचा आवाज फुटला. अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि काय करता येईल यावर आम्ही बस चुकेपर्यंत बोलत बसलो.

आठवडाही गेला नसेल, तालुक्याच्या ऑफिसमधून साहेब थेट शोभाच्या वर्गावर गेले. मुलांना न झालेला धडा काढायला लावला. एकही मूल वाचू शकलं नाही. शोभाला नोटीस आली.

बैठकीतलं बोलणं बाहेर गेलं होतं. कसं, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित कुणी वाईट हेतूनं सांगितलंही नसेल, चहाच्या टपरीवर सहज विषय निघाला असेल. पण पुढच्या शनिवारी आम्ही जमलो तेव्हा सगळे एकमेकांकडं चोरून बघत होते. प्रकाश सरांनी तर उघडच म्हटलं, "आदी कोण सांगितलं ते निघू द्या. तवर मी तोंड उगडणार न्हाई."

"ते हुडकत बसलो तर दर शनिवारी त्येच करावं लागंल," अक्का म्हणाल्या. "शोभाचं काय करायचं ते बोला."

एकेकाची पाळी आली आणि प्रत्येकानं सांगितलं की त्याच्याकडं सगळं व्यवस्थित आहे. मीही तेच सांगितलं. शोभा तर आलीच नव्हती. अक्कांनी सगळ्यांना सुसला पुरा वाढला, स्वतः घेतला नाही, आणि बूट चढवून निघून गेल्या.

त्या कुठं गेल्या ते नंतर कळलं. सोमवारी त्या ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब धारवाडकडचे, या भागात नवे. अक्का त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलल्या, म्हणजे रागातच असणार. पण मागणं एवढंच होतं: पुढची बैठक शोभाच्या शाळेत आहे, तुम्ही या. मी शोभाच्या पाचवीला तुमच्यासमोर शिकवून दाखवते. पोरं वाचतात की नाही बघा.

आम्हाला हे कळलं तेव्हा हायसं वाटलं. अक्का म्हणजे अक्का. त्यांच्या हातात वर्ग दिला की मुलं वाचणारच, साहेब गप्प होणार आणि शोभा सुटणार, असं आम्ही धरूनच चाललो.

तो दिवस मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून आम्ही सगळे शिक्षक बसलो होतो. शाळा सुटली तरी पाचवीची मुलं थांबवून घेतली होती, साहेबांसाठी खुर्ची ठेवली होती. शोभा दाराशी उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. अक्कांनी तयारी केलेली दिसत होती. चित्रं आणली होती, शब्दांच्या पट्ट्या आणल्या होत्या. विहिरीतल्या कासवाची नवी गोष्ट त्यांनी आधी रंगवून सांगितली. मुलं हसली, बोलली. मग त्यांनी पहिल्या मुलीला उतारा वाचायला उभं केलं.

मुलीनं पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि घडाघडा म्हणायला लागली. पहिला धडा. पान कासवाचं होतं आणि ती म्हणत होती पहिला धडा.

अक्का तिच्याशेजारी खाली बसल्या. "बाई, हितं बोट ठेव. ह्यो कोणता शब्द?" मुलगी गप्प. दुसऱ्याला विचारलं, तोही गप्प. अक्कांनी पट्ट्या काढल्या, चित्रं दाखवली, अक्षरं सुटी केली, जोडली. मुलं ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडं बघत राहिली. अक्का बिथरल्या होत्या. कपाळावर घाम आला होता, पदरानं तो पुसायचंही भान नव्हतं. एका क्षणी त्यांचा आवाज चढला आणि एक मूल दचकलं. अक्का तिथंच थांबल्या. खडूची पूड झटकली आणि साहेबांकडं वळून मराठीत म्हणाल्या, "साहेब, माज्याकडनं बी झालं न्हाई. शोभाला नोटीस दिलाव, तशी मला बी द्या. आन् मग सगळेजण हितं खाली बसू. ह्या लेकरांचं काय करायचं, ते मला कळंना झालंय."

बोलले ते प्रकाश सर. ज्यांनी तोंड न उघडण्याची शपथ घेतली होती, तेच. "अक्का, एक बोलू का? पोरं गोष्ट ऐकली तवा लई बोलायली होती. एक पोरगं तर कन्नडमदी सगळी गोष्ट शेजाऱ्याला सांगायलं होतं. पुस्तक हातात आलं की मुकी झाली. पुस्तक बाजूला ठिवून त्येंचीच वाक्यं फळ्यावर लिवली तर?"

"कोणतं पोरगं?" अक्कांनी विचारलं. त्यांना ते दिसलंच नव्हतं. त्या शिकवण्यात होत्या. आम्ही मागून बघत होतो, म्हणून आम्हाला दिसलं. मग मलाही सांगावंसं वाटलं की खिडकीजवळची मुलगी 'कासव' हा शब्द ओळखत होती, पण तिच्याकडं पाळी आली नाही. शोभा दारातून आत आली आणि त्या मुलीचं नाव तिनं सांगितलं. बोलणं सुरू झालं. कुणी खाली बसलं, कुणी फळ्याशी गेलं.

साहेब बराच वेळ पुस्तक चाळत होते. मग त्यांनी पान अक्कांसमोर धरलं, एका जोडाक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नंगू बरंगिल्ल री, अक्का." म्हणजे, मलाही येत नाही. आणि ओशाळं हसले. अक्कांनी त्यांना ते जोडाक्षर वाचून दाखवलं. साहेबांनी खुर्ची भिंतीकडं सरकवली आणि सतरंजीच्या कडेला टेकले.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. नोटीस मागं घेतल्याचा कागद कधी आला नाही. त्या नोटिशीवर पुढं काही झालं नाही, एवढंच. शोभाच्या वर्गात मुलांची वाक्यं फळ्यावर यायला लागली. पाळीपाळीनं आम्ही तिच्या वर्गात जाऊन मागं बसायचो आणि काय दिसलं ते तिला सांगायचो. वर्ष संपता संपता बहुतेक मुलं वाचायला लागली. दोघं-तिघं तरीही राहिली. त्यातल्या एकानं पुढं शाळाच सोडली, आणि शोभा अजून त्याचं नाव काढून हळहळते.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीच्या बसमधलं. अक्का आणि मी एकाच बाकावर होतो. मला वाटत होतं, त्यांनी पाठ मुद्दाम फसवला. साहेबांना दाखवण्यासाठी. मी कौतुकानं म्हणालो, "अक्का, लई भारी नाटक केलाव."

त्या खिडकीबाहेर तुरीच्या रानाकडं बघत होत्या. वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते.

"नाटक न्हवं, तम्मा. मला वाटलं होतं माज्याकडनं हुतंय. घरी रोज तयारी केले. शोभाला जमलं न्हाई, मला जमतंय, म्हणूनच तर गेले मी सायबाकडं. एवढा गर्व हुता बग." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दुसऱ्याला 'फसलेलं सांग' म्हणणं लई सोपं असतंय."

दुबलगुंडीच्या फाट्यापर्यंत त्या पुन्हा खिडकीबाहेर बघत राहिल्या. उतरताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "खिडकीजवळची ती पोरगी तुला दिसली. मला न्हाई दिसली. चांगलं झालं, तुमी सगळे आलाव ते."

त्यानंतर काही काळानं त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषणं करू दिली नाहीत, शाल घेतली ती लगेच शाळेच्या सैपाकीणबाईच्या अंगावर घातली, आणि कलबुर्गीला लेकीकडं राहायला गेल्या. शनिवार चालू राहिले. नव्या शिक्षकांना 'काय फसलं?' हा पहिला प्रश्न आता शोभा विचारते, आणि माझ्यापेक्षा कडक विचारते.

मागच्या हिवाळ्यात एका प्रशिक्षणासाठी मी कलबुर्गीला गेलो होतो. अक्कांना फोन केला तर त्या मला न्यायला बसस्टँडवर हजर. पाठ थोडी वाकली होती, बूट तेच. रिक्षा नको म्हणाल्या. "चालत जाऊ. मला रस्त्यात काम हाय."

काम म्हणजे दुकानांच्या पाट्या. शेजारच्या एका निवृत्त उर्दू शिक्षिकेकडं त्या उर्दू वाचायला शिकत होत्या. आयुष्यभर बोलल्या, पण वाचता येत नव्हतं, म्हणून. बदल्यात त्या बाईंना मराठी शिकवत होत्या. प्रत्येक उर्दू पाटीसमोर अक्का थांबायच्या, बोट हवेत उजवीकडून डावीकडं फिरवायच्या, ओठ हलवायच्या. मागून सायकली घंटा वाजवायच्या. माझा जीव खालीवर होत होता.

एका लहान दुकानासमोर त्या बराच वेळ थांबल्या. मग विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघितलं, पायरी चढल्या आणि म्हणाल्या, "भाईजान, दो मीठे पान देना."

भट्टीवरचा माणूस गोंधळला. आतून ऊन ऊन भाजल्याचा वास येत होता, फळीवर चौकोनी नान रचलेले होते. "अम्मा, इदर पान नै मिलता. ये नान है, नान. नुक्ता ऊपर है देखो."

अक्का मागं सरकल्या, पाटीकडं नीट बघितलं आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "अरे व्हय की! एकच टिंब, आन् ते वर हाय! खाली तीन असती तर पान झालं असतं. बग, तम्मा!"

"पण अक्का," मी हसत म्हणालो, "एवढा वास यायलाय, समोर नान दिसायलेत, तरी?"

"तिकडं बगायचंच न्हाई म्हणून ठरवून आले होते मी," त्या म्हणाल्या. "वासावरनं वाचलं तर ते वाचणं थोडंच हाय?"

भट्टीवाला आता रंगात आला होता. त्यानं हातातली सळई ठेवली, हात फडक्याला पुसले आणि गल्ल्यामागच्या भिंतीवरच्या दुसऱ्या पाटीकडं बोट दाखवलं. "अच्छा अम्मा, अब ये पढ़ो."

अक्कांनी चष्मा सारखा केला. आमच्या मागं गिऱ्हाइकं जमायला लागली होती. कुणाला घाई होती, कुणी तरी खाकरलं. भट्टीवाल्यानं त्यांना हातानंच थांबा म्हणून सांगितलं.

अक्का वाचत होत्या.